बेळगाव की बेळगावी: सूचीसाठी हा प्रश्नच अपुरा आहे

बेळगाव शहराच्या इतिहासाची नीट ग्रंथसूची व्हावी, तीत मराठी, कन्नड, इंग्रजी, उर्दू सगळं यावं, मोडीतले कागदही यावेत, याबद्दल इथल्या वाचत्या माणसांत दुमत नाही. भांडण लागतं ते पहिल्याच विषयशीर्षकावर, म्हणजे ज्या नावाखाली पुस्तकं लावायची त्या नावावर. शहराचं नाव काय लिहायचं? एक बाजू म्हणते, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, विषय संपला. दुसरी म्हणते, बेळगावच. दुसरं काही लावलंत तर आमची पुस्तकं सूचीला मिळणार नाहीत. तिसरी बाजू दोघांना कंटाळून म्हणते, शीर्षकं हवीतच कशाला, सगळं स्कॅन करा, मशीन शोधून देईल. माझं मत असं की तिघंही सूचीच्या शीर्षकाला रस्त्यावरची पाटी समजतात. पाटीवर जागा एकच असते, म्हणून तिच्यावर कोणाचं नाव हे भांडण खरं असतं. सूचीत तसं नाही. तिथे एका जागेला एक क्रमांक द्यावा, मराठी आणि कन्नड नावं बरोबरीच्या मानाने लावावीत, आणि बाकीच्या प्रत्येक रूपावरून वाचकाला तिथे आणून सोडावं. हे करता येतं, आणि करायलाच हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या कामातली खरी मेहनत नावात नाहीच. ती हद्दीत आणि काळात आहे, आणि तिकडे कोणी बघायलाही तयार नाही.

सूचीची शीर्षकं ज्या नियंत्रित शब्दावलीतून येतात, ती म्हणजे पारिभाषिक शब्दांची यादी, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात ती एक शिस्त आहे. एका विषयाची सगळी पुस्तकं एकाच ठिकाणी यावीत म्हणून एक प्रमाण संज्ञा ठरवायची. त्याच अर्थाच्या बाकीच्या शब्दांपुढे ‘पाहा’ लिहून तिकडे पाठवायचं. तिच्या वरचा व्यापक विषय, खालचे संकुचित विषय आणि बाजूचे ‘हेही पाहा’ नोंदवायचे. आणि जिथे घोटाळा होईल तिथे ‘ही संज्ञा अमुकसाठीच वापरावी’ अशी व्याप्तीची टीप लिहायची. आता बेळगाव हे एकच नाव घ्या. रट्ट राजांच्या काळातल्या शिलालेखांत ते वेणुग्राम आहे. मुघल कागदांत आजमनगर भेटतं. इंग्रजी दप्तरात ‘बेलगाम’. जुन्या मराठी छापील पुस्तकांत अनुस्वारासह ‘बेळगांव’, आणि १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढल्यावर ‘बेळगाव’. संगणकाच्या लेखी हे शेवटचे दोन शब्द पूर्ण वेगळे आहेत. म्हणजे कन्नडचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एकट्या मराठीतच १९६२ च्या अलीकडची आणि पलीकडची पुस्तकं एकमेकांना दिसत नाहीत. हे कोणाच्या आग्रहाने सुटणार?

सरकारी नावाच्या बाजूचा मुद्दा हलका नाही. सार्वजनिक पैशाने चालणारी संस्था आपल्या पत्रावर, शिक्क्यावर सरकारी नावच लिहील, आणि तिने तेच लिहावं. उद्या सूची एखाद्या विद्यापीठाने किंवा महापालिकेने हाती घेतली तर तिला कायद्याबाहेर जाता येणार नाही. शिवाय आज शाळेत जाणारं कन्नड मूल ‘बेळगावी’ हाच शब्द शोधणार. त्याला तो सापडला नाही तर सूची त्याच्यासाठी नाहीच. हे सगळं मान्य. पण सरकारी अधिसूचनेने शहराचं आजचं नाव ठरतं. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१ वा खंड छापला गेला तेव्हा त्यात कोणता भूभाग वर्णन केला होता, हे त्या अधिसूचनेने ठरत नाही. सूचीकाराला रोज अडवणारा प्रश्न हा दुसरा आहे.

‘बेळगाव जिल्हा’ हे शीर्षक बघू. १८३६ मध्ये धारवाडचा कलेक्टरी मुलूख तोडून हा जिल्हा झाला. म्हणजे १८१८ ते १८३६ मधले या भागाचे इंग्रजी महसुली कागद धारवाडच्या नावाखाली निघतात. १९५६ पर्यंत चंदगड याच जिल्ह्यात होतं. पुनर्रचनेत ते कोल्हापूरकडे गेलं. रामदुर्ग १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं, नंतर जिल्ह्यात आलं. वरचं राज्यही बदलत राहिलं: मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. आता १९३० च्या दशकातला जिल्ह्याच्या शेतीवरचा अहवाल आणि १९९० च्या दशकातला अहवाल एकाच शीर्षकाखाली ठेवले, तर आकडे ताडून पाहणारा अभ्यासक चंदगड एकात मोजेल, दुसऱ्यात सोडेल, आणि त्याला ते कळणारही नाही. म्हणून दोन बदल वेगळे धरावेत. नुसतं नाव बदललं असेल तर नोंद एकच ठेवून जुनं नाव पर्यायी करायचं. हद्द बदलली असेल तर नवी नोंद उघडायची आणि दोन्ही नोंदींत ‘आधीचं’, ‘नंतरचं’ असा दुवा द्यायचा. बेळगावचं बेळगावी होणं हा पहिला, सोपा प्रकार आहे. सगळी ताकद या सोप्या प्रकारावर खर्च होते आहे.

अवघड प्रकार बघायचा तर शहापूर बघा. आज कपिलेश्वर रोडवरून चालत गेलेल्या माणसाला बेळगाव कुठे संपलं आणि शहापूर कुठे सुरू झालं हे सांगावं लागतं, इतकी वस्ती एक झाली आहे. पण १९४८ पर्यंत शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. तिथली पेठ, जकात, शाळा, विणकरांचे तंटे यांचे कागद बेळगावच्या कलेक्टरी दप्तराऐवजी सांगलीच्या दप्तरात शोधावे लागतात, आणि पुस्तकं ‘सांगली संस्थान’ या नावाची. ज्या सूचीत शहापूर म्हणजे फक्त ‘बेळगाव शहराचा एक भाग’, तिच्यातून ही निम्मी सामग्री गळते. शहापूरची नोंद कशी असावी? एक क्रमांक. मराठी संज्ञा ‘शहापूर (बेळगाव)’, कारण ठाणे जिल्ह्यात एक शहापूर आहे आणि यादगीर जिल्ह्यात आणखी एक. कन्नड संज्ञा कन्नड लिपीत. पर्यायी रूपं: शाहपूर, शहापुर, आणि इंग्रजी कागदांतली सगळी स्पेलिंगं. व्यापक संज्ञा दोन, तारखेसह: १९४८ पर्यंत सांगली संस्थान, पुढे बेळगाव. संकुचित संज्ञांत ‘खडेबाजार (शहापूर)’, आणि त्याला टीप की बेळगावातला खडेबाजार वेगळा. ‘हेही पाहा’ मध्ये हातमाग, यंत्रमाग, साडीविणकाम, वडगाव. शेवटी आधार: ही माहिती कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून घेतली. अशी एक नोंद नीट भरायला अर्धा दिवस जातो, आणि ती भरताना ‘बेळगाव की बेळगावी’ हा प्रश्न एकदाही आड येत नाही.

किल्ला, छावणी आणि शहर यांचंही असंच. किल्ल्यात १२०४ ची कमलबस्ती हे जैन मंदिर आहे आणि असदखान लारीने १५१९ मध्ये बांधलेली सफा मशीदही. छावणीचा कारभार नगरपालिकेपासून कायम वेगळा राहिला. तिन्ही ‘बेळगाव’ या एका शब्दात कोंबली तर लष्करी नकाशा, जैन शिलालेख आणि नळपाणी योजनेचा अहवाल एका ओळीत उभे राहतात.

आता आपल्या बाजूकडे, म्हणजे मराठी बाजूकडे. इथल्या मराठी माणसाची भीती काल्पनिक नाही. कचेरीतले फॉर्म, बसच्या पाट्या, सातबाऱ्याचे उतारे यांतून आपली भाषा मागे सरताना त्याने पाहिली आहे. १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन त्याच्या घरात अजून बोललं जातं. सूचीत कन्नड संज्ञेला बरोबरीची जागा दिली की हळूहळू मराठी संज्ञा ‘पर्यायी’ होईल आणि एक दिवस गाळली जाईल, असं त्याला वाटतं. मी ही भीती पूर्ण मान्य करतो. तिच्यावरचा उपाय मात्र रचनेतच असावा लागतो: सूचीच्या नियमावलीत पहिलंच कलम असावं की कोणतीही संज्ञा, एकदा नोंदली की, कधीही पुसली जाणार नाही, फार तर तिचा दर्जा बदलेल, आणि कोणी, कधी, का बदलला हे तिच्याच नोंदीत राहील. याला आपल्याच इतिहासात मोठा दाखला आहे. शिवकाळात रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला गेला, तो फारसी कारभारी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्यासाठी. दहा वर्गांत मांडलेल्या त्या कोशात जो शब्द घालवायचा तोही लिहावा लागला, कारण कारकुनाच्या तोंडी तोच होता आणि नव्या शब्दाकडे जायची वाट त्याच्यातूनच जात होती. शब्द बदलण्याचा इतका स्पष्ट हेतू असलेल्या कोशालाही जुना शब्द पुसता आला नाही. मग ज्या सूचीचा हेतूच शोधून देणं आहे, तिने एका भाषेचं नाव पुसून काय मिळवायचं?

आणि कन्नड बरोबरीने ठेवण्यात मराठीचं नुकसान काय? उलट बघा. गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. टिळकांचे अनुयायी, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसच्या उभारणीतलं मुख्य नाव, आणि कर्नाटकात ‘कर्नाटक केसरी’. त्यांच्यावरचं लेखन दोन्ही भाषांत आहे. दोन सूच्या केल्या तर दोन अर्धे गंगाधरराव तयार होतील. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव काँग्रेस अधिवेशन बेळगावचं, टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग इथेच स्थापन केली, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथेच झाला. यांतली कुठली घटना एकाच भाषेच्या कपाटात मावते? कन्नड अभ्यासकाला १९४६ च्या ठरावाची मराठी साधनं सापडली, तर मराठीचा दावा दुबळा होतो की साक्षीदार वाढतो?

काही शब्द मात्र खरोखर धोक्याचे आहेत, आणि तिथे बरोबरीचं धोरण पुरत नाही, जास्त बारकावा लागतो. ‘एकीकरण’ हा शब्द एकटा ठेवला तर कर्नाटक एकीकरणाची चळवळ आणि महाराष्ट्र एकीकरण समिती एकाच शीर्षकाखाली येतील, म्हणजे परस्परविरुद्ध मागण्या एका पिशवीत. १ नोव्हेंबरचंही तेच: कन्नड राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन हे एकाच तारखेचे दोन स्वतंत्र विषय आहेत. त्यांना एकमेकांचे पर्याय करणं चूक, आणि एकाला दुसऱ्याच्या खाली घालणं त्याहून मोठी चूक. दोन नोंदी, दोन्हींत ‘हेही पाहा’. ‘सीमाप्रश्न’ आणि कन्नडमधला ‘गडी विवाद’ हे मात्र एकाच वस्तूचे दोन भाषांतले शब्द. ते एकाच क्रमांकावर यावेत, आणि महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल किंवा २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा त्याच्या संकुचित संज्ञा व्हाव्यात.

दोन भाषांना बरोबरीचा मान तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं काही ग्रंथपाल म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्क पद्धतीच्या एका अथॉरिटी नोंदीत, म्हणजे संज्ञेच्या प्रमाण नोंदीत, मुख्य शीर्षक एकच बसतं. स्थळासाठी ते १५१ या क्षेत्रात, ‘पाहा’ ४५१ मध्ये, ‘हेही पाहा’ ५५१ मध्ये. पण त्याच पद्धतीत दुसऱ्या भाषेतल्या समांतर नोंदीला जोडणारं ७५१ हे क्षेत्रही आहे. मराठीची एक, कन्नडची एक अशा दोन पूर्ण नोंदी करून त्या एकमेकींना जोडायच्या. कॅनडाने इंग्रजी आणि फ्रेंचसाठी हीच वाट धरली. क्यूबेकच्या लावाल विद्यापीठात १९४६ पासून फ्रेंच विषयशीर्षकांची स्वतंत्र यादी वाढते आहे आणि ती इंग्रजी शीर्षकांशी जोडलेली आहे. तिथला भाषावाद आपल्यापेक्षा सौम्य होता असं कोण म्हणेल? वेबवरच्या शब्दावल्यांसाठी २००९ साली प्रमाण झालेल्या स्कॉस या रचनेत तर नियमच आहे की एका संकल्पनेला प्रत्येक भाषेत एकेक पसंतीचं नाव असू शकतं. अडचण तंत्राची नाही.

तिसऱ्या बाजूचा, म्हणजे ‘मशीन शोधेल’ या पक्षाचा मुद्दा सगळ्यात जोरदार आहे, आणि तरुण अभ्यासक त्याच्याकडे झुकतात यात नवल नाही. आजची छापील मराठी आणि कन्नड मशीनला बरीच वाचता येते. कुठल्याही सूचीकाराने लावली नसती अशी ओळ ती पानाच्या तळातून काढून देते. पण बेळगावच्या इतिहासाची सामग्री कशात आहे? शिळाछापावरची पुस्तकं, ज्यांची अक्षरं मशीनला फुटतात. मोडी कागद. १९१९ पासूनच्या तरुण भारताचे पिवळे, कडा झिजलेले अंक. आणि अशी आत्मचरित्रं, ज्यांच्या नावात ‘आठवणी’ याखेरीज काही नाही, ज्यांच्यात शहर सबंध पुस्तकभर ‘आमचं गाव’ असतं. मशीनने प्रत्येक अक्षर अचूक वाचलं, तरी तिथे जो शब्दच नाही तो ती शोधणार कशी? पूर्ण मजकुराचा शोध जरूर ठेवा, पण त्याला हीच शब्दावली जोडा, म्हणजे ‘बेळगाव’ टाइप केल्यावर तो ‘बेळगांव’ आणि ‘आजमनगर’ही शोधेल.

तयार यादी उचलावी, ही सूचना थोडक्यात निकालात काढता येते. अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयाची विषयशीर्षकं व्यापक विषयांसाठी घ्यावीत. ‘हातमाग उद्योग’ नव्याने शोधायची गरज नाही. पण त्यांत वडगावच्या गल्ल्या मिळणार नाहीत.

मग काम सुरू कसं करायचं? टेबलाभोवती बसून शब्द सुचवायचे नाहीत. शब्द पुस्तकांतून यावा लागतो. ज्या विषयावर हातात एकही पुस्तक किंवा लेख नाही त्याची संज्ञा उघडायची नाही. दोन्ही भाषांतली मिळून पहिली शंभर पुस्तकं घ्यावीत, प्रत्येकाला चार-पाच शब्द लावावेत, मग ते शब्द एकत्र करून गट पाडावेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी विषयाचे जे पाच पैलू सांगितले त्यांतल्या स्थळ आणि काळ या दोघांना इथे पहिल्या दिवसापासून वेगळे रकाने द्यावेत. ‘निपाणी तंबाखू शेतकरी आंदोलन १९८१’ अशी लांब शेपूट एक संज्ञा म्हणून साठवू नये. निपाणी स्थळात, १९८१ काळात, शेतकरी आंदोलन आणि तंबाखू विषयात. छापील सूचीसाठी लागेल तेव्हा त्यांची ओळ जोडता येते. जोडलेली ओळ सोडवणं मात्र फार जिकिरीचं. क्रमांकात अर्थ भरू नये. ‘बे-शहा-०३’ असा क्रमांक दिला आणि उद्या ती गल्ली वडगावात मोडते असं निघालं, तर क्रमांकच खोटा पडतो.

मग दोन माणसांनी तीच वीस पुस्तकं एकमेकांना न विचारता लावावीत. जिथे दोघांचे शब्द वेगळे निघतील तिथे माणूस चुकलेला नसतो, टीप अपुरी असते. एक जण ‘विणकर समाज’ लावतो, दुसरा ‘हातमाग’: म्हणजे माणसांविषयीचं पुस्तक आणि धंद्याविषयीचं पुस्तक यांतली रेघ टीपेत आखलेली नाही. ती आखायची आणि पुन्हा वीस पुस्तकं घ्यायची. सुरुवातीला चार-पाचशे संज्ञा पुरतात. पहिल्याच वर्षी हजारांवर गेलेली यादी बहुधा न वापरलेल्या शब्दांनी फुगलेली असते.

बिघाड कुठे होतो तेही आधी माहीत असावं. श्रीलिपी, कृतीदेव, आणि कन्नडसाठी नुडी, बरह यांच्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या याद्या युनिकोडमध्ये न बदलता चिकटवल्या की अक्षरांचा चिवडा होतो, आणि तो लक्षात येईपर्यंत मूळ फाइल हरवलेली असते. युनिकोडमध्येही एक फसवी जागा आहे. ‘शेतकऱ्यांचे’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो: खाली टिंब असलेल्या र ला हलंत जोडून, किंवा साध्या र नंतर हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधात जुळत नाहीत. एकच पद्धत ठरवून सगळी यादी तिच्यातून गाळून घ्यावी लागते. टिळकवाडी आणि ठळकवाडी, चन्नम्मा आणि चेन्नम्मा, येळ्ळूर आणि येळूर ही रूपं मात्र गाळू नयेत. ती पर्यायी म्हणून जपावीत, कारण कोणीतरी त्यांच्यानेच शोधणार आहे.

शेवटचा आक्षेप खरा गंभीर आहे: तटस्थ शब्द असतोच कुठे? १८२४ चा कित्तूरचा संघर्ष इंग्रजी दप्तराला बंड आहे, आपल्याला उठाव, आणि कन्नड लेखनात स्वातंत्र्यलढ्याचा पहिला अध्याय. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात पडलेले सीमाभागाला हुतात्मे आहेत, आणि सरकारी कागदाला दंग्यातले मृत. १८७१ च्या कायद्याने ज्यांना ‘गुन्हेगार जमाती’ म्हटलं त्यांच्यावरची जुनी साधनं आजही त्याच शब्दाखाली आहेत. सूचीकाराने कोणताही शब्द निवडला तरी तो एक बाजू घेतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच निवड झाकून ठेवू नये. ज्या समूहाविषयी संज्ञा आहे त्याला मान्य असलेला शब्द प्रमाण करावा, म्हणजे ‘विमुक्त जमाती’. अपमानाचा जुना शब्द शोधात चालू द्यावा, पण पडद्यावर शीर्षक म्हणून दाखवू नये. घटनेसाठी शक्य तिथे स्थळ, कृती आणि साल यांचं नाव द्यावं: ‘बेळगाव गोळीबार, १९५६’; आणि ‘हुतात्मा दिन’ ही तो दिवस पाळण्याच्या प्रथेची स्वतंत्र संज्ञा असावी, कारण त्या प्रथेवरही वेगळं लेखन आहे. प्रत्येक वादग्रस्त निवडीची नोंद एका निर्णयवहीत व्हावी: तारीख, सुचवलेले सगळे शब्द, प्रत्येकाच्या बाजूची साधनं, ठरलेला शब्द, आणि ज्यांना तो मान्य नव्हता त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत. ही वही मराठी आणि कन्नड दोन्हींत असावी, सूचीबरोबरच सगळ्यांना वाचायला खुली असावी, आणि दर पाच वर्षांनी तिच्यातले निर्णय पुन्हा चर्चेला घ्यावेत.